पहिली पेट्रोल स्विफ्ट पुन्हा उभी करताना

मे २००५ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये १२९८ सीसीचं जी-१३ घराण्यातलं इंजिन होतं. ताकद ८७ बीएचपी, टॉर्क ११३ न्यूटन-मीटर आणि गाडीचं वजन साधारण एक टन. आजच्या टर्बो गाड्यांशेजारी हे आकडे छोटे दिसतात. पण चार हजार आरपीएमच्या पुढे हे इंजिन ज्या खुशीनं चढतं आणि वळणात ही गाडी जशी घट्ट बसते, ते एकदा हाताला लागलं की सुटत नाही. २०१० मध्ये बीएस-४ या धूर-प्रदूषणाच्या नियमांबरोबर १.२ लिटरचं के-सिरीज इंजिन आलं आणि १.३ गेलं. म्हणजे ही गाडी तुमच्याकडे असेल, तर तिची पंधरा वर्षं भरली आहेत किंवा भरत आली आहेत.

सोलापुरात रोज कामावर आणि सुट्टीला तुळजापूर-अक्कलकोटला नेता नेताच ती पूर्ववत कशी करायची, आणि मग तिच्यात कोणते बदल शोभतात, त्याचा हा क्रम. बहुतेक जण अलॉय आणि सायलेन्सरपासून सुरुवात करतात. झिजलेल्या बुशवर (सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी गुटक्यांवर) रुंद टायर चढतात, खडखड आणखी वाढते आणि वर्षभरात गाडी विक्रीला लागते. माझं मत पक्कं आहे: आधी गाडी कारखान्यातून निघाली तशी करा, थोडे दिवस तशी चालवा. तिच्यात खरंच काय कमी आहे ते तेव्हाच कळतं. एकूण खर्चाच्या दहा रुपयांतले सात-आठ रुपये या मूळ दुरुस्तीलाच ठेवा.

हाच क्रम होंडा सिटी व्हीटेक, फोर्ड आयकॉन १.६ किंवा फियाट पालिओ १.६ लाही लागू पडतो. फक्त त्या गाड्यांचे सुटे भाग शोधायला जास्त चिकाटी लागते. स्विफ्टचे यांत्रिक भाग आजही सहज मिळतात. जे सोलापुरात मिळत नाही ते पुण्याहून किंवा हैदराबादहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या पार्सलनं सकाळी येतं. महामार्ग ६५ वर दोन्ही शहरांच्या मधे असण्याचा हा मोठा फायदा आहे.

कागद आणि पहिली पाहणी

एक रुपया खर्च करण्याआधी आरसी बघा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत गाडीची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. एमएच-१३ ची गाडी असेल तर काम इथल्या इथे होतं. विजयपूर किंवा कलबुर्गीकडून स्वस्तात आणलेली केए पासिंगची गाडी असेल, तर तिकडची एनओसी आणि इकडचा कर हे आधी मार्गी लावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवून घ्यावी लागते. नूतनीकरण होणार नसेल अशा गाडीवर खर्च करणं मला पटत नाही.

मग गाडी सकाळी थंड असताना बघा. सुरू करताना निळा धूर, टॅपेटचा (इंजिनाच्या व्हॉल्व्हकडचा) आवाज, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) थरथर, ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय हे सगळं लिहून ठेवा. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजून घ्या. त्यांच्यात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर इंजिनाचं काम यादीत सगळ्यात वर जातं आणि बाकीचं थांबतं. गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघा: ड्राइव्ह शाफ्टचे बूट, ऑइल गळती, ब्रेकचे पाइप, एक्झॉस्ट, मागच्या अ‍ॅक्सलचे बुश.

वहीत तीन रकाने करा. पहिल्यात जिवाला धोका, दुसऱ्यात गाडी रस्त्यात अडकवणारं, तिसऱ्यात डोळ्याला खुपणारं. काम याच क्रमानं होईल. तारीख, किलोमीटर, कोणता भाग, कोणत्या कंपनीचा, हेही त्याच वहीत लिहा.

रोजची गाडी असल्यामुळे एक नियम मोडू नका: एका वेळी एकच व्यवस्था उघडायची. सगळे भाग हातात आल्याशिवाय गाडी गॅरेजला द्यायची नाही आणि एक काम झालं की चार-पाचशे किलोमीटर चालवून मगच पुढचं घ्यायचं. क्लच आणि सस्पेन्शन एकाच दिवशी केलं आणि नवीन आवाज आला, तर तो कुठून येतोय हे शोधण्यात आठवडा जातो.

सोलापुरात पहिलं काम: उष्णता

एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४२-४३ अंशांवर जातो. सात रस्त्याच्या सिग्नलला एसी चालू ठेवून उभी राहिलेली जुनी गाडी तापते ती बहुधा चार-पाच छोट्या गोष्टी एकत्र आल्यामुळे. म्हणून कूलिंगची दुरुस्ती तुकड्यातुकड्यानं न करता एकदाच पूर्ण करावी.

रेडिएटर बाहेर काढा. पुढून एसीचा कंडेन्सर आणि मागे रेडिएटर यांच्या फटीत रस्त्याची धूळ, ज्वारीचा भुसा आणि किडे यांचा थर बसलेला असतो. तो वरून दिसत नाही. कमी दाबाच्या पाण्यानं, इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेनं धुवा. जास्त दाबानं पंख वाकतात. रेडिएटरच्या आत क्षार साचलेले असतील तर नवीन रेडिएटर घेणंच परवडतं. आपल्याकडे बोअरचं पाणी जड आहे. वर्षानुवर्षं तेच ओतलेल्या गाड्यांच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात. यापुढे मूळ कंपनीचं कूलंट वापरा: तयार मिश्रण किंवा डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं.

रेडिएटरचं झाकण बदला. स्वस्त भाग आहे, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. पण झाकण दाब धरून ठेवतं म्हणूनच कूलंट शंभर अंशांवर उकळत नाही. त्याची स्प्रिंग ढिली पडली की गाडी विनाकारण पाणी फेकते. दोन्ही मोठे होज, हीटरचे होज आणि क्लिपा नव्या घाला. फॅन तापमान वाढल्यावर आपोआप सुरू होतो का, आणि एसी लावल्यावर लगेच सुरू होतो का, हे दोन्ही तपासा.

आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह. इथल्या बऱ्याच गॅरेजमध्ये तुम्हाला ऐकायला मिळेल, "मालक, इथल्या उन्हात ते काढूनच टाकायचं असतं." आदरानं पण ठामपणे नाही म्हणा. थर्मोस्टॅट काढला की हिवाळ्याच्या सकाळी आणि महामार्गावर इंजिन त्याच्या योग्य तापमानाला पोचतच नाही. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल देत राहतो, मायलेज पडतं, ऑइल पातळ होतं आणि सिलिंडर झिजतात. शिवाय मूळ दोष, म्हणजे बुजलेला रेडिएटर किंवा मरतुकडा फॅन, झाकला जातो. नवा थर्मोस्टॅट घालून घ्या.

याच वेळी टायमिंग बेल्टही करून टाका. या इंजिनाला चेन नाही, बेल्ट आहे. तो कधी बदलला याची लेखी नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा. रबर किलोमीटरनं झिजतं तसं वयानं आणि उष्णतेनंही चिरतं. बेल्टसोबत टेन्शनर, वॉटर पंप आणि क्रँक-कॅमचे ऑइल सील घ्या. पंप बदलायला बेल्ट उतरवावाच लागतो, त्यामुळे मजुरी एकदाच पडते.

झाल्यावर कसोटी तुळजापूरच्या रस्त्यावर घ्या. बालाघाटचा चढ, दुपारची वेळ, एसी चालू, तिसरा गिअर. तापमानाचा काटा जागचा हलला नाही तर पुढच्या कामाला लागा.

थांबणं

या स्विफ्टला पुढे डिस्क आणि मागे ड्रम आहेत. गाडीच्या वजनाला ते पुरेसे आहेत. त्यांची अवस्था चांगली हवी, इतकंच. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरनं मोजा, जाडी त्या आकड्याजवळ आली असेल तर घासून गुळगुळीत करण्यापेक्षा बदला. कॅलिपरच्या पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. मागचे व्हील सिलिंडर बूट उचलून बघा, आत ओल दिसली तर नवे घाला.

रबरी ब्रेक होज पंधरा वर्षांनी आतून फुगतात. बाहेरून ठणठणीत दिसतात, पण पेडल मऊ लागतं. चारही बदला. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. डॉट ४ दर्जाचं फ्लुइड ताजं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो आणि ओल शोषल्यावर तोच १५५ पर्यंत उतरू शकतो. घाटात सतत ब्रेक लागल्यावर हा फरक पायाला कळतो. म्हणून दर दोन वर्षांनी फ्लुइड पूर्ण बदला.

नवे पॅड बसवल्यावर पहाटे मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगावरून पंधरा-वीसपर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक दाबा. पूर्ण थांबू नका आणि नंतर गाडी काही किलोमीटर ब्रेक न दाबता चालवून थंड करा. एवढं केलं की पॅड डिस्कवर सारखे बसतात. बाजारातले महाग परफॉर्मन्स पॅड यानंतरही हवेसे वाटले, तर जरूर घ्या. मला मूळ पॅड पुरले.

वळणं

या गाडीची खरी मजा इथं आहे आणि झीजही इथंच सर्वांत जास्त होते. जुन्या पेठांतले गतिरोधक आणि खोदून तसेच बुजवलेले चर यांवर रोजचं येणं-जाणं असलं, की शॉक, स्ट्रट माउंट, लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि बॉल जॉइंट एकामागून एक ढिले पडतात. जोडीनं बदला, डावा नवा आणि उजवा जुना असं कधीच नको. स्टिअरिंग रॅकचा खडखडाट लिंक रॉडच्या आवाजासारखाच असतो, त्यामुळे आधी स्वस्त भाग बदलून बघा.

एक गोष्ट मेस्त्रीला समोर उभं राहून सांगा. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळायचे नाहीत. गाडी चारही चाकांवर उभी करून, वजन पडल्यावरच अखेरचं आवळायचं. लटकत्या अवस्थेत आवळलं तर जमिनीवर येताच रबर पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. पिळलेल्या बुशमुळे गाडीची उंचीही थोडी चुकीची दिसते. नंतर अलाइनमेंट.

टायरचं वय त्याच्या कडेवर असतं. चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. इथल्या उन्हात पाच-सहा वर्षांनी नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात गाडी घसरते.

इंधन, वीज

आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच भागातल्या उसातून येतं. ही गाडी त्या मिश्रणासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुनं रबर मऊ करतं आणि ओल धरतं. इंजिनाजवळचे इंधनाचे होज आणि इंजेक्टरचे ओ-रिंग इथेनॉलला टिकणाऱ्या दर्जाचे घाला, फिल्टर बदला आणि गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. पेट्रोलचा वास आला की त्याच दिवशी बॉनेट उघडायचं. सोबत प्लग, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई, इंजिन माउंट. माउंट बदलल्यावर आयडलची थरथर गेली, की इंजिन किती सुरेख आहे हे पहिल्यांदा जाणवतं.

विजेचं काम बहुतेक वेळा अर्थिंगचं असतं. बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन या दोन वायरींची टोकं घासून, घट्ट करून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत.

दिव्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण गाळप हंगामात पंढरपूर-मोहोळ भागात रात्री गाडी चालवणाऱ्याला मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली अचानक समोर दिसते. लोक १००/९० वॉटचे बल्ब टाकतात. त्यानं होल्डर वितळतो, वायरी तापतात आणि समोरच्याचे डोळे दिपतात. खरं कारण वेगळं असतं: जुन्या स्विचमधून आणि बारीक वायरींतून दिव्यापर्यंत व्होल्टेजच पूर्ण पोचत नाही. हॅलोजनला दहा टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. कायदेशीर ६०/५५ वॉटचा चांगला बल्ब ठेवा आणि बॅटरीवरून फ्यूज-रिले असलेली स्वतंत्र वायरिंग द्या. पिवळी पडलेली काच ८००, १५००, २००० आणि ३००० नंबरच्या पॉलिश पेपरनं पाण्यासह घासून त्यावर यूव्ही क्लिअर कोट मारा. कोट न मारता नुसतं पॉलिश केलं तर इथलं ऊन ती काही महिन्यांत परत पिवळी करतं. शेवटी सपाट भिंतीसमोर दिव्यांची उंची लावून घ्या.

पत्रा आणि रंग

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या गाडीपेक्षा इथली गाडी गंजाच्या बाबतीत नशीबवान असते. तरी काळी माती घात करते. चाकांच्या कमानीत घट्ट बसते आणि आठवडे ओल धरून ठेवते. पावसाळ्यात कमानी आतून धुवा. दारांच्या खालच्या कडेची पाणी जाण्याची भोकं तारेनं मोकळी करा, स्टेपनीखालचा पत्रा आणि बॅटरीचा ट्रे उघडून बघा. गंज असेल तर पूर्ण खरवडून प्राइमर. वर नुसता रंग मारणं म्हणजे पैसे वाया.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर वापरा. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो; तीनशेच्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी आहे. उन्हानं छत आणि बॉनेटचा क्लिअर कोट सोलला असेल, तर पॉलिशनं तो परत येत नाही. तेवढे पॅनेल रंगवावे लागतात. रंग मूळचाच ठेवा. आरसीवर तोच लिहिलेला असतो, आणि या गाडीला तिचा मूळ रंगच सगळ्यात छान दिसतो.

आतमध्ये रेक्झिन टाळा. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिल्यावर त्यावर बसवत नाही. कुशनवाल्याकडून मूळ नमुन्याच्या कापडात सीट शिवून घ्या, फोम मात्र नवा टाका. ड्रायव्हरच्या सीटचा फोम बसला असेल तर कितीही चांगलं सस्पेन्शन कमरेला कळत नाही.

आता बदल

इथवर आलात की गाडीच सांगते तिला काय हवं. माझी पसंती एकाच रीतीला आहे: त्याच पिढीच्या वरच्या व्हेरिएंटचे भाग. एलएक्सआय किंवा व्हीएक्सआयला झेडएक्सआयचे फॉग लॅम्प, मागचा वायपर, दारांची ट्रिम. भोकं जुळतात, रेषा जुळतात आणि बघणाऱ्याला बदल दिसतही नाही. वायरिंग मात्र आधी तपासा. खालच्या व्हेरिएंटला काही कनेक्टर दिलेले नसतात. एअरबॅग असलेल्या गाडीचं स्टिअरिंग बदलू नका.

चाकं पंधरा इंची चालतील. झेडएक्सआयच्या मूळ १८५/७० आर १४ टायरचा व्यास सुमारे ६१५ मिलिमीटर आहे आणि १९५/६० आर १५ चाही तेवढाच भरतो, त्यामुळे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. पीसीडी (चाकाच्या बोल्टांची मांडणी) ४ बाय १००, मधलं भोक ५४.१ मिलिमीटर. बाजारातल्या अलॉयचं भोक मोठं असेल तर हब रिंग (मधली फट भरणारी कडी) घाला, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. सोळा-सतरा इंची रिम दिसते देखणी, पण शहरातल्या पहिल्या मोठ्या खड्ड्यात वाकते.

उंची कमी करू नका. जमिनीपासूनचा १७० मिलिमीटरचा क्लिअरन्स इथल्या गतिरोधकांना जेमतेम पुरतो. नवे, चांगले शॉक आणि मूळ स्प्रिंग एवढ्यानंच गाडी इतकी घट्ट होते की लोअरिंगचा विचार मागे पडतो. उघडा कोन फिल्टर (डब्याबाहेर बसणारा शंकूसारखा एअर फिल्टर) इथल्या धुळीत इंजिनाला मारक आहे. तो गरम हवा आणि बारीक माती दोन्ही आत घेतो. रीमॅपमधून (ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलण्यातून) विनाटर्बो १.३ ला हाती लागण्यासारखं काही मिळत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं तर नकोच, पीयूसीतही अडकाल. आवाजाची हौस असेल तर मॅनिफोल्डचा गॅस्केट नवा घाला, सायलेन्सर मूळचा बसवा आणि पाच हजारांपुढे खिडकी उघडी ठेवून ऐका.

दारांना आतून ब्यूटाइलच्या (आवाज दाबणाऱ्या रबराच्या) शीट लावणं हा मला आवडलेला साधा बदल आहे. दार बंद होतानाचा आवाज भारदस्त होतो, रस्त्याचा आवाज कमी होतो आणि साध्या स्पीकरचाही सूर सुधारतो. पाण्याची भोकं तेवढी मोकळी ठेवा.

कायद्याची चौकट स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेली माहिती उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अलॉयसारखी गोष्ट विमा कंपनीला लेखी कळवा, म्हणजे दाव्याच्या वेळी वाद होत नाही. काढलेली मूळ चाकं, दिवे आणि ट्रिम विकू नका. नावाच्या चिठ्ठ्या लावून माळ्यावर ठेवा. पाच वर्षांनी आरटीओच्या तपासणीला जाताना तीच चढवून न्यायची आहेत.